ठाणे-नवी मुंबईत जमीन घेताय? खरेदीखताआधी मोजणी कशी करून घ्यायची

जमीन दाखवताना विकणारा हात लांब करून सांगतो, "त्या आंब्यापासून या लाइटीच्या खांबापर्यंत आपलीच." हातात सातबारा असतो, त्यावर नाव बरोबर असतं, क्षेत्रही बरोबर असतं. पण आंबा आणि खांब यांच्यामधली जमीन म्हणजेच सातबाऱ्यावरची जमीन, हे त्या कागदावरून कळत नाही. सातबारा सांगतो जमीन कोणाची आणि किती. ती कुठे आहे हे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा सांगतो. तो नकाशा खरेदीखतानंतर नव्हे, आधी हातात हवा. एकदा पूर्ण रक्कम गेली की कमी भरलेल्या चार गुंठ्यांचे पैसे परत मागायला दिवाणी कोर्टाशिवाय फारसा रस्ता उरत नाही.

आधी ठरवा, जागा कोणत्या दप्तरात मोडते

नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. "नवी मुंबई" हे एकच शहर वाटतं, पण महसुली कागदांत ते दोन जिल्ह्यांत आहे. दिघे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जातो, त्यामुळे तालुका चुकला की अर्जही चुकला.

दुसरा प्रश्न, जागेचा कागद कोणता. ठाणे शहराच्या जुन्या भागात नगर भूमापन झालेलं आहे. तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड चालतं आणि त्यावर सिटी सर्व्हे नंबरासोबत 'टिका नंबर' असतो. टिका म्हणजे सिटी सर्व्हेच्या नकाशाचा एक ताव. तो लिहिला नाही तर दप्तरात नकाशा सापडायला वेळ लागतो. घोडबंदर पट्ट्यातली कोलशेत, ओवळे, कावेसर यांसारखी गावं, शीळ-डायघर, दिवा किंवा तालुक्यातला ग्रामीण भाग घेतला तर बहुतेक ठिकाणी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, उदाहरणार्थ ४५/२/अ. ज्या गावांत एकत्रीकरण योजना, म्हणजे शेतांचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी योजना झाली तिथे गट नंबर असतो. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर दोन्हींचा मेळ घालणारा उतारा मागून घ्या. मेळ न घालता मोजणीला गेलात तर शेजारच्याची जमीन मोजून याल.

गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका झाली असेल तर ठीक. नसेल तर हातात घरपट्टीची पावतीच येते, आणि घरपट्टी हा मालकीचा पुरावा नाही, हद्दीचा तर नाहीच.

सिडकोच्या जमिनीचा वेगळा हिशोब

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन त्या शहरासाठी घेतली गेली. त्यामुळे नोडमधला, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरातला भूखंड तुम्ही मालकी हक्काने घेत नाही, भाडेपट्ट्याने घेता. सिडकोचा पट्टा साधारणपणे ६० वर्षांचा असतो. इथे सर्व्हे नंबरापेक्षा सेक्टर आणि भूखंड क्रमांक महत्त्वाचे. विकणाऱ्याकडून वाटपपत्र, भाडेपट्टा करार, ताबा पावती आणि डिमार्केशनचा, म्हणजे जागेवर हद्द आखून दिल्याचा नकाशा हे चार कागद मागा. भूखंडाचे कोपरे सिडकोचा भूमापन विभाग दाखवतो. साडेबारा टक्के योजनेतला (संपादनात जमीन गेलेल्यांना परत दिलेला) भूखंड असेल तर डिमार्केशन झालंय का हे पहिल्याच भेटीत विचारा. नुसतं वाटप झालेला आणि ताबा न मिळालेला भूखंड म्हणजे अजून कागदच.

या भागात एक सापळा कायम लावलेला असतो. संपादनात गेलेल्या जमिनीचा जुना सर्व्हे नंबर घेऊन कोणीतरी "आमची वडिलोपार्जित" म्हणून विकायला येतो. गाव नकाशावर तो नंबर दिसतो, जागेवर नेऊन दाखवताही येतो. म्हणून आजचा डिजिटल सही असलेला सातबारा स्वतः काढा (ऑनलाइन १५ रुपये लागतात), कब्जेदार म्हणून कोणाचं नाव आहे बघा आणि संपादनाचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, वाचा. सिडको किंवा शासनाचं नाव असेल तर मोजणीपर्यंत जायचं कारणच नाही.

पनवेल बाजूला नैना क्षेत्रात (विमानतळाभोवतीचा अधिसूचित भाग) नगररचना योजना चालू आहेत. तिथे मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड वेगळे असतात. आज जी जमीन तुम्ही मोजून घेता ती तुमच्याकडे राहतेच असं नाही. योजनेत तिच्या बदल्यात कमी क्षेत्राचा, दुसऱ्या जागी असलेला अंतिम भूखंड मिळतो. अशा ठिकाणी मूळ जमिनीच्या हद्दीवर भाव ठरवणं म्हणजे गेलेल्या गाडीचं तिकीट काढणं.

घरबसल्या करायची तयारी

मोजणीचा अर्ज करण्याआधी हे कागद जमवा: सातबारा, ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), त्या नंबरावर झालेले सगळे फेरफार, गाव नकाशा, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी नकाशा, आकारबंद यांच्या नकला. टिपण म्हणजे जुन्या मोजणीत घेतलेली मापं, बाजूंची लांबी आणि लंब. फाळणी म्हणजे नंतर पडलेल्या हिश्शांची मापं. आकारबंद म्हणजे प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद. मोजणीदार जागेवर जी हद्द दाखवतो ती याच कागदांवरून. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर दिसणारा नकाशा शेजारचे नंबर ओळखायला उत्तम आहे, पण त्यावर कंपाउंडची रेघ ओढायला जाऊ नका. तो हद्द ठरवण्याचा कागद नाही.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं आणि सौदा बहुतेक वेळा गुंठ्यांत होतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. (३३ फुटांची साखळी आणि ३३ गुणिले ३३, हे त्या १,०८९ चं मूळ.) एकरात ४० गुंठे. सातबाऱ्यावर ०.१०.०० लिहिलं असेल आणि विकणारा "दहा गुंठे" म्हणत असेल, तर प्रत्यक्षात ते ९.८८ गुंठे आहेत. फरक सुमारे १२६ चौरस फुटांचा, म्हणजे एका खोलीएवढा. ठाण्याच्या भावाने ती खोली स्वस्त पडत नाही. भाव चौरस मीटरवर ठरवा, वादच मिटतो.

पुढचं काम म्हणजे टेप घेऊन जागेवर जाणं. ही मोजणी कायद्याने काही कामाची नाही, पण सरकारी मोजणीची फी भरण्याआधी मोठी गडबड पकडते. फक्त चार बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्णही मोजा. समजा प्लॉट २० बाय ३० मीटर सांगितला आहे. काटकोनात असेल तर क्षेत्र ६०० चौरस मीटर आणि दोन्ही कर्ण ३६.०६ मीटर. आता तोच प्लॉट कललेला असेल, कोपरा ९० ऐवजी ७० अंशांचा, तर चारही बाजू अगदी २० आणि ३० च भरतील. पण क्षेत्र होईल ५६४ चौरस मीटर, आणि कर्ण येतील २९.८ आणि ४१.४. म्हणजे ३६ चौरस मीटर, जवळजवळ ३९० चौरस फूट हवेत गेले आणि कडेने टेप लावणाऱ्याला पत्ताही लागला नाही. रस्त्याला तिरक्या पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये हे सर्रास दिसतं.

उतारावर आणखी एक गोष्ट. येऊरच्या पायथ्याला किंवा पारसिकच्या डोंगराला लागून असलेल्या जागेत टेप जमिनीवर टेकवून ओढला तर माप जास्त येतं. कागदावरचं क्षेत्र नेहमी आडव्या पातळीचं असतं. २० अंशांच्या चढावर जमिनीवरून ३० मीटर भरलं तर आडवं अंतर २८.२ मीटरच. टेप आडवा ताणून, पायऱ्यापायऱ्यांनी मोजा.

अर्ज कोणी करायचा

मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्यानेच करायचा असतो. तुमचं नाव तिथे अजून नाही. म्हणजे खरेदीदार या नात्याने तुम्ही कितीही उत्सुक असलात तरी अर्ज विकणाऱ्याच्या नावाने, त्याच्या सहीने जाणार, किंवा त्याने दिलेल्या नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रावर. म्हणून मोजणीची अट विसार पावतीतच घाला. तोंडी "करून देतो की, त्यात काय" यावर विसंबू नका. विसार घेतल्यावर विकणाऱ्याची घाई संपते आणि तुमची सुरू होते.

विसार पावतीत एवढं तरी असू द्या: मोजणी विकणारा करून देईल, फी कोण भरेल, किती दिवसांत, भाव प्रति चौरस मीटर इतका, मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर त्या दराने रक्कम कमी, अमुक टक्क्यांहून जास्त फरक पडला किंवा अतिक्रमण निघालं तर विसार परत. फी शक्यतो तुम्ही भरा. रक्कम मोठी नसते, आणि विकणाऱ्याचं "फीचे पैसे जमले नाहीत" हे निमित्त संपतं. विसाराची रक्कम मात्र लहान ठेवा.

कोणती मोजणी मागायची हेही महत्त्वाचं. पूर्ण सर्व्हे नंबर किंवा पूर्ण हिस्सा घेत असाल तर 'हद्द कायम' मोजणी. त्यातला तुकडा घेत असाल तर 'पोटहिस्सा' मोजणी, आणि तिथे सगळ्या सहधारकांची संमती किंवा वाटपाचा आदेश लागतो. नवख्या खरेदीदाराला सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच. सात भावंडांच्या नावावर ४० गुंठे, त्यातला एक भाऊ "माझे पाच गुंठे रस्त्याकडचे" म्हणून विकतो. कागदावर त्याचा हिस्सा आहे, पण तो रस्त्याकडचा आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. अविभक्त हिश्शाची हद्द मोजून दाखवताच येत नाही, कारण ती अजून पडलेलीच नाही. आधी वाटप, मग पोटहिस्सा मोजणी, मग आकारफोड (क्षेत्र आणि आकारणीची हिश्शांत विभागणी) आणि वेगळा सातबारा, त्यानंतर तुमचं खरेदीखत, असा क्रम आहे. शेतजमिनीच्या लहान तुकड्याला तुकडेबंदी कायदाही आडवा येतो. तो त्या जागेला लागू आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या. एजंटाचं "आता सगळं चालतं" हे लेखी नसतं.

अर्ज, फी, योग्य वेळ

अर्ज ई-मोजणीच्या पोर्टलवरून ऑनलाइन होतो. सोबत चालू सातबारा, ओळखपत्र, लागतील तिथे संमतीपत्रं आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावं-पत्ते. पत्त्यांकडे दुर्लक्ष करू नका. लगतच्या सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव असतं, नातू डोंबिवलीत राहतो, नोटीस गावच्या पत्त्यावर जाऊन परत येते, आणि मोजणीनंतर तोच नातू "मला नोटीसच नाही" म्हणून हरकत घेतो. गावात दोन तास काढून प्रत्येक लगतधारकाचा आजचा पत्ता आणि फोन लिहून घ्या. त्या दोन तासांत शेजाऱ्याचं तुमच्या जागेबद्दल काय म्हणणं आहे हेही कळतं, आणि ते बऱ्याचदा वकिलाच्या शोध अहवालापेक्षा जास्त बोलकं असतं.

१ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार राहिले, नियमित आणि द्रुतगती. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत नियमितला ३,००० रुपये आणि द्रुतगतीला १२,००० रुपये. हद्दीबाहेर २ हेक्टरपर्यंत अनुक्रमे २,००० आणि ८,००० रुपये. त्यापुढे क्षेत्र वाढेल तशी फी वाढते. अर्जाच्या दिवशी पोर्टल जी रक्कम दाखवेल तीच भरायची, चलन जपून ठेवायचं, आणि चलनाबाहेर कोणी काही मागितलं तर द्यायचं नाही. फी भरली की मोजणी रजिस्टर नंबर, म्हणजे मो.र.नं. मिळतो. पुढची सगळी चौकशी याच नंबरावर.

पावसाळा टाळता आला तर टाळा. जून ते ऑक्टोबर भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात, बांध गवतात बुडालेले, आणि उभ्या पिकातून फिरू द्यायला कोणी शेतकरी खुशीने तयार होत नाही. दिवाळीनंतर कापणी उरकली की जुने दगड, मेरा, वाटा सगळं उघडं पडतं. मोजणी तेव्हा लवकरही होते आणि नीटही.

मोजणीच्या दिवशी

आदल्या दिवशी झुडपं साफ करून घ्या, निदान हद्दीच्या रेषेवर माणूस चालू शकेल एवढी. बरोबर ठेवायचं ते असं: चुन्याची एक गोणी, कोपऱ्यांसाठी लाकडी खुंट्या (जेवढे कोपरे त्याच्या दुप्पट घ्या, वळणांवरही लागतात), घण, कोयता, दोन मजूर, आणि सगळ्या कागदांचा एक संच. सातबाऱ्यावरचा मालक स्वतः हजर हवा. तुम्ही खरेदीदार म्हणून उभे राहा, सगळं बघा, फोटो काढा, पण वाद घालायचा हक्क मालकाला आहे, तुम्हाला अजून नाही.

भूकरमापक, म्हणजे खात्याचा मोजणीदार, आता बहुतेक ठिकाणी रोव्हर आणतो. उपग्रहाचा सिग्नल आणि राज्यभर बसवलेली संदर्भ केंद्रं यांच्या आधाराने तो काही सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू टिपतो. घोडबंदरच्या टॉवरांच्या बेचक्यात किंवा गावठाणाच्या गल्लीत आकाश पुरेसं उघडं नसतं, सिग्नल अडतो, मग तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणारं ईटीएस यंत्र लावावं लागतं. यंत्र कोणतंही असो, काम दोन भागांचं. आधी प्रत्यक्ष वहिवाट टिपली जाते: बांध, कुंपण, भिंत, विहीर, रस्ता, जुने दगड. मग टिपण-फाळणीवरून अभिलेखाची हद्द त्यावर बसवली जाते. यंत्र सहसा चुकत नाही, चूक झाली तर ती बहुतेकदा बसवण्यात होते. शंभर वर्षांपूर्वी साखळीने घेतलेली मापं आजच्या जागेवर बसवायला पक्के, न हललेले बिंदू लागतात. गाव शिवेचा दगड, तिठ्याचा दगड, जुनी विहीर असं आजूबाजूला काय शिल्लक आहे ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आधीच विचारून ठेवा आणि भूकरमापकाला दाखवा. फक्त तुमचाच प्लॉट न टिपता शेजारचे दोन-तीन नंबर टिपले तर बसवणूक जास्त भरवशाची होते. तशी विनंती करायला लाजू नका.

लगतधारक नोटीस मिळूनही आला नाही तर मोजणी थांबत नाही. आला आणि भांडला तर त्याचं म्हणणं जबाबात लिहून घेतलं जातं, मोजणी तरीही होते. अंगावर येऊन काम बंद पाडलं तर पोलीस बंदोबस्तात मोजणी मागता येते. कोर्टाची मनाई असेल तर मात्र काम होत नाही. ती मनाई विकणाऱ्याने तुमच्यापासून लपवली होती, हा त्या दिवसाचा खरा निष्कर्ष.

जबाब, पंचनामा, हजेरी यावर सह्या होतात. मालकाला कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका, आणि "हद्द मान्य आहे" असं लिहिण्याआधी ती खुंट्यांनी दाखवून घ्या. खुंट्या मारल्याबरोबर प्रत्येकीचा फोटो काढा. फोटोत मागची एखादी न हलणारी वस्तू, घराचा कोपरा किंवा खांब, आला पाहिजे. संध्याकाळपर्यंत खुंटी जागेवर राहील याची खात्री नसते.

नकाशा हातात आल्यावर

अर्जदाराला मिळते ती 'क' प्रत. ई-मोजणीच्या नव्या पद्धतीत तिच्यावर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश येतात, त्यामुळे खुंटी उपटली तरी बिंदू पुन्हा शोधता येतो. आधी वरची माहिती जुळवा: गाव, तालुका, सर्व्हे-हिस्सा नंबर, मो.र.नं., मोजणीची तारीख, प्रकार, तपासणाऱ्याची सही. मग रेषा. वहिवाटीची रेषा आणि अभिलेखाची रेषा वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. कोणती कोणती ते नकाशावरच्या सूचीतून ओळखा, अंदाजाने नको. दोन्ही रेषा जिथे एकमेकींपासून सुटतात तिथे तुमचे पैसे अडकलेले आहेत. शेजाऱ्याने बांध कोरला असेल तर तो इथे दिसतो. विकणाऱ्यानेच शेजाऱ्याचा कोरला असेल तर तोही.

आता नकाशावरची बारीक अक्षरातली टीप वाचा. "अर्जदाराने दाखवलेल्या वहिवाटीप्रमाणे मोजणी" अशा अर्थाचं काही असेल तर सावध व्हा. अशा नकाशात अभिलेखाची हद्द कायम केलेली नसते, फक्त विकणाऱ्याने चालून दाखवलेली जागा कागदावर उतरलेली असते. शिक्का सरकारी असतो, म्हणून खरेदीदार निश्चिंत होतो, आणि तिथेच पाणी मुरतं. विकणारा आठ-दहा वर्षांपूर्वीचा नकाशा पुढे करत असेल तर हीच टीप आधी बघा. मग मो.र.नं. घेऊन कार्यालयात प्रत खरी आहे का तपासा, आणि तरीही नवी मोजणी मागा.

क्षेत्र कमी भरलं तर का

थोडा फरक निघणं नवल नाही. साखळीची मापं आणि उपग्रहाची मापं तंतोतंत जुळत नाहीत. मोठा फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात नेहमी सापडणारी कारणं ठरलेली आहेत. रस्त्यात, रेल्वेत किंवा पाइपलाइनमध्ये जमीन गेली पण कमी-जास्त पत्रक (नोंदीतलं क्षेत्र बदलणारा कागद) झालं नाही, म्हणून सातबारा जुनंच क्षेत्र दाखवतो. खाडीकाठी भरती-ओहोटीने काठ खाल्ला किंवा बांध फुटून खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन झाली. आकारबंद आणि सातबारा यांत जुनी लेखनचूक आहे. किंवा सरळ अतिक्रमण आहे. पहिल्या तीन प्रकारांत ती जमीन विकणाऱ्याकडे नाहीच, तिचे पैसे द्यायचे नाहीत, आणि खरेदीखताआधी विकणाऱ्याने कमी-जास्त पत्रक किंवा दुरुस्ती करून घ्यायची. अतिक्रमण असेल तर विकणाऱ्याने ते हटवून ताबा द्यावा, नाही तर तेवढं क्षेत्र वगळून सौदा करा. "नंतर आपण दोघं मिळून बघू" ही तिसरी वाट नाही.

क्षेत्र जास्त भरलं तर खूश होऊ नका. सातबाऱ्यावर नसलेली जमीन विकणारा विकू शकत नाही. ती कोणाची तरी आहे, आणि तो कोणीतरी कुंपण घालायच्या दिवशी येतो.

बांधकामाचा विचार असेल तर परवानगी देताना महापालिका सामान्यतः मालकीचा कागद, महसुली नोंद आणि मोजणी यांतलं सगळ्यात कमी क्षेत्र धरते. म्हणजे एफएसआय (किती बांधता येईल ते प्रमाण) त्या सगळ्यात लहान आकड्यावर. जमिनीचा भावही त्याच आकड्यावर ठरवा.

निकाल मान्य नसेल तर निमताना, म्हणजे फेरतपासणीची मोजणी मागता येते. ती पहिल्या भूकरमापकाने नाही, वरच्या अधिकाऱ्याने करायची असते. "मला पटत नाही" एवढ्यावर ती मागू नका. कोणता बिंदू चुकला, कोणत्या टिपणाशी मेळ बसत नाही, हे लिहा.

मोजणी काय सांगत नाही

मोजणीने मालकी ठरत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, कूळकायद्याच्या अटी आहेत का, आदिवासीची आहे का, 'इतर अधिकार' रकान्यात वन किंवा खाजगी वन अशी नोंद आहे का, हे सातबाऱ्यात आणि फेरफारांत बघायचं. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या ठाण्याच्या पट्ट्यात शेवटचा प्रश्न नेहमी विचारायचा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद असलेली जमीन सेंटिमीटरपर्यंत मोजून घेतली तरी वनच राहते. खाडीकाठी सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) आणि कांदळवन, शहरात विकास आराखड्यातलं आरक्षण आणि रस्त्याची रेषा, याही गोष्टी मोजणी नकाशावर नसतात. झोन दाखला आणि आराखड्याचा उतारा नगररचना विभागातून वेगळा घ्या, आणि त्यावरचा रस्ता मोजणी नकाशावर पेन्सिलीने ओढून बघा. प्लॉटच्या मधून जात असेल तर तिथेच दिसेल.

पोचरस्ताही असाच. जागेवर पायवाट आहे म्हणजे हक्काचा रस्ता आहे असं नाही. नकाशावर रस्ता सार्वजनिक म्हणून दाखवला आहे का, की दुसऱ्याच्या नंबरातून जातो, ते बघा. दुसऱ्याच्या नंबरातून जात असेल तर त्याच्याकडून नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क विकणाऱ्याने घेऊन द्यावा. बांधावरून रस्ता मिळवण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण ती वाट लांबची आहे आणि मिळालेल्या बांधावरून डंपर जात नाही.

खरेदीखतात आणि नंतर

'क' प्रत खरेदीखताचं परिशिष्ट म्हणून जोडा, मो.र.नं. आणि तारीख मजकुरात लिहा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, अंकी आणि अक्षरी. चतुःसीमा जुन्या खतावरून उतरवून घेऊ नका. त्यात "पूर्वेस अमुकची जमीन" असतं आणि ते अमुक वारून तीस वर्षं झालेली असतात. पूर्वेस सर्व्हे नंबर इतका, हिस्सा इतका, अशी लिहा. माणसं बदलतात, नंबर बदलला तर त्याचा फेरफार सापडतो.

ताबा घेताना खुंट्यांच्या जागी लगेच सिमेंटचे खांब गाडा. दोन फूट खाली आणि फूटभर वर पुरे, पण खालच्या बाजूला लोखंडी सळई सोडा, म्हणजे वरचा भाग तोडला तरी खूण जमिनीत राहते. हद्दीच्या खुणा मुद्दाम हलवणं किंवा तोडणं यावर महसूल संहितेत दंड आहे, हे शेजाऱ्याला गोडीत सांगून ठेवायला हरकत नाही. कंपाउंडची भिंत हद्दीवर बांधू नका. पायाची रुंदी धरून पूर्ण भिंत आपल्या बाजूला घ्या, नाही तर वर भिंत तुमची आणि खाली पाया शेजाऱ्याच्या जमिनीत, असा नवाच वाद उभा राहतो. खांबांचे फोटो, अक्षांश-रेखांश आणि 'क' प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव आलं की तो उतारा त्याच फाइलमध्ये वरच्या पानावर लावा.